थोरिन गायला बसतो

रेघेमागून रेघ उमटत जाते. आधी बोगद्यासारख्या दालनाची कड, मग गोल हिरवं दार, आणि मग त्या रेघांच्या आत रंग पसरतो. कुणी समोर बसून रांगोळी घालावी, तसं ‘द हॉबिट’ या संगणकावरच्या खेळातलं चित्र डोळ्यांदेखत भरत जातं. 1982 साली झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाची मेमरी होती फार तर 48 केबी, आणि पडदाभर चित्र जसंच्या तसं ठेवायला त्यातली जवळजवळ 7 केबी जायची. म्हणून चित्रं साठवलीच नव्हती. ती काढायची कशी, एवढंच कॅसेटवर होतं. या काटकसरीतून चित्र घडताना बघायचं सुख मिळालं. आजच्या कितीतरी गुळगुळीत दृश्यांपेक्षा मला ते प्रिय आहे.

पण जीव जडला तो थोरिनमुळे. टॉल्किनच्या कादंबरीतला बुटक्यांचा हा मानी म्होरक्या आपल्या सोबत असतो. आपण सुटकेच्या विवंचनेत असताना तो खुशाल बसकण मारतो आणि सोन्याची गाणी म्हणू लागतो. काही सांगावं, तर चक्क नाही म्हणतो.

मेलबर्न विद्यापीठात शिकणाऱ्या व्हेरोनिका मेगलर आणि फिलिप मिचेल यांनी बीम सॉफ्टवेअर या कंपनीसाठी हा खेळ घडवला. मिचेल यांनी त्याला खेळणाऱ्यानं टाइप केलेली जवळजवळ पूर्ण वाक्यं, क्रियाविशेषणांसकट, समजायला शिकवलं. घरगुती संगणकावरच्या बहुतेक खेळांना तेव्हा दोनच शब्द कळत. मेगलर यांचा अनुभव असा की, गुहेत घडणाऱ्या एका जुन्या खेळाचा नकाशा पुरा झाला आणि त्यातली गोडीच संपली. म्हणून त्यांनी इथल्या प्रत्येक पात्राला स्वतःचा उद्योग दिला. आपण नुसते बसून राहिलो तरी वेळ पुढे सरकतो. जादूगार गॅन्डाल्फ येतो, जातो. आपल्या नजरेआड मारामाऱ्या होतात, माणसं मरतात. ड्रॅगनला मारायला बार्ड या धनुर्धराला बाण सोडायला सांगावं लागतं, आणि तोच आधी मेलेला असेल, तर काय करणार? कुणी याला दोष म्हणतं. मला तर यातच खेळाचं मोठेपण दिसतं: एवढ्याशा जागेत खेळणाऱ्यावाचूनही चालणारं जग उभं राहिलं.

जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरवर हा खेळ आजही खेळता येतो. खेळायला बसलात, तर सुरुवातीला थोडा वेळ काहीच टाइप करू नका. आधी थोरिनचं गाणं होऊ द्या.