उठाबशा

भंडाऱ्यात उभी नोकरी मी पीटीचा मास्तर म्हणून केली. त्यामुळे 2018 च्या पावसाळ्यानंतर मोठ्या भावाच्या स्वादुपिंडात गाठ निघाली, तेव्हा औषधपाणी वहिनींकडे गेलं आणि व्यायाम माझ्याकडे आला. गाठ रक्तवाहिनीला चिकटलेली होती. आधी केमो, आकसली तर ऑपरेशन, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर अंगात ताकद टिकवा, असंही म्हणाले. ताकद म्हणजे चालणं, हे मीच ठरवून टाकलं.

मग रोज पहाटे, चहाच्याही आधी, खांब तलावाकडे फेरी. भाऊ मागे पडले की मी वळून हाक मारायचो, शाळेत मारायचो तशीच. त्या डिसेंबरात नाकात नळी असलेले गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर मांडवीवरच्या पुलाची पाहणी करताहेत, असा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. आजार तोच. मी तो भाऊंपुढे धरला. पर्रीकरांनी पुढे जानेवारीत अर्थसंकल्पही मांडला आणि 17 मार्च 2019 ला ते गेले. तो माणूस किती खंगलाय, हे त्या फोटोतच दिसत होतं. मला फक्त पूल दिसला.

भाऊ एकदाच चिडले. “बापू, मी का तुह्या शाळेतला पोट्टा आहो?”

केमो घेतल्यावर काही दिवस त्यांना गार काही धरवत नसे. आमचा जिल्हा पितळेच्या भांड्यांचा. घरात पाण्याचा गडवा पितळीच. थंडीत त्याला बोट लागलं की वीज बसल्यासारखा हात मागे घ्यायचे. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाच्या औषधानं नसांना असं होतं, पायाच्या बोटांनाही मुंग्या येतात. अशा पायांनी मी त्यांना दवात चालवत होतो आणि मनात म्हणत होतो, भाऊ कारणं सांगताहेत.

पण खरी घोडचूक कॅप्सूलची. स्वादुपिंड पाचकरस बनवतं; ते बिघडलं की तेलतूप पचत नाही, स्नायू झिजतात, वजन उतरत जातं. म्हणून पाचकरसाच्या कॅप्सूल दिलेल्या होत्या, जेवता जेवता घ्यायच्या. भिंतीवरच्या तक्त्यात मी लिहिलं: जेवणाआधी अर्धा तास. ॲसिडिटीची गोळी तशीच घेतात ना! अन्न पोटात पोचेपर्यंत कॅप्सूलचा उपयोग संपलेला. शौचाला तेलकट होतं, पाण्यानं जात नाही, हे भाऊ लाजेनं बोलले नाहीत. मला सांगितलं वहिनींनी, तेही फार उशिरा. तोवर वजन घटतंय म्हणून मी फेरी वाढवली होती आणि तूप बंद केलं होतं.

नागपूरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी चालण्याबद्दल काही विचारलंच नाही. जेवतात किती, कॅप्सूल कधी घेतात, खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का? आलं नाही. मांड्या कधी वितळल्या ते मी, शरीराचा मास्तर, पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी जेवणानंतर थोड्या वेळानं करायचा व्यायाम दिला: खुर्चीतून सावकाश उठणं-बसणं, भिंतीला धरून टाचा उचलणं, पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन कोपर वाकवणं. बोलता बोलता जमेल इतकंच, मधे एक दिवस सोडून. ताप असेल तर बंद. एकच पाय सुजला तर व्यायाम नाही, थेट डॉक्टर. या कॅन्सरमध्ये रक्ताच्या गुठळ्या फार होतात. जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी अशा रुग्णांकडून सहा महिने, आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम करून घेतला होता, हे मी नंतर वाचलं. काही स्नायूंची ताकद वाढली. गाठीवर इलाज म्हणून कोणी तो सांगितला नव्हता.

पोरांना मी उठाबशा शिक्षा म्हणून काढायला लावल्या होत्या. आता भाऊ खुर्चीत, मी समोर, आणि मोजायचे ते. माझे गुडघे वाजले की हसायचे. कॅप्सूल घासाबरोबर गेली, वरणावर तूप परत आलं आणि वजनाची घसरण थोडे दिवस थांबली.

ऑपरेशन झालं नाही. गाठ यकृतात गेली आणि 2019 च्या रोवण्याच्या दिवसांत भाऊ गेले. मोरीपर्यंत मात्र ते जवळजवळ शेवटपर्यंत कुणाचा हात न धरता गेले. त्याचं श्रेय वहिनी अजून पाहुण्यांसमोर मला देतात. मग मी त्यांना तो तक्ता सांगतो.