खोट्या अर्थांचा खेळ

चतुर्थीला आमच्या फोंड्याच्या घरी सारे कुटुंब जमते. रात्रीची आरती आटोपली, पंचखाद्य वाटून झाले, की ओसरीवर इंग्रजी शब्दकोश येतो आणि एक जुना खेळ सुरू होतो. एकाने कोशातून अपरिचित शब्द काढावा, इतरांनी त्याचा मनचा अर्थ चिठ्ठीवर लिहावा. मग खऱ्या अर्थासह सर्व अर्थ वाचावेत आणि खरा कोणता ते ओळखावे. ज्याचा खोटा अर्थ इतरांना पटेल, त्याला गुण. बीबीसीने १९६५ साली याच धर्तीचा कार्यक्रम सुरू केला होता. तेव्हा हा खेळ काही आमच्या घरची मिरास नव्हे.

मुलांची प्रतिभा मोठी नामी. 'विडरशिन्स' म्हणजे 'विड्याने रंगलेले दात', असे धाकटीने लिहिले. खरा अर्थ, सूर्यगतीच्या उलट दिशेने. देवळाला उलटी प्रदक्षिणा घालावी तसे. 'गॅलीमॉफ्री' म्हणजे 'गल्लीत मोफत मिळणारी वस्तू', हे थोरल्याचे मत. वस्तुतः ती नाना पदार्थांची सरमिसळ. आपले खतखतेच म्हणा ना!

पण जिंकतो आम्हीच. मुलांचे अर्थ हसवितात, आमचे पटतात. 'अथवा', 'विशेषतः' असे दोन शब्द योग्य जागी पेरले, की असत्यालाही कायद्याचा डौल येतो. एका वर्षी आमच्याच धंद्यातला 'यूझुफ्रक्ट' हा शब्द निघाला. आम्ही लिहिले: 'उत्सवप्रसंगी देवास वाहिलेली, व विशेषतः नंतर प्रसाद म्हणून वाटावयाची फळे.' सर्वांनी तोच अर्थ खरा मानला. खरा अर्थ वाचला गेला, तो हशात बुडाला.

आम्हांला त्याचे काहीच वाटले नाही. थोर कोशांतही असे घडलेले आहे. वेब्स्टरच्या १९३४ च्या कोशात 'डॉर्ड' म्हणजे 'घनता' असा शब्द शिरला. मूळ चिठ्ठीवर होते 'डी ऑर डी', म्हणजे घनतेचे संक्षेपाक्षर मोठे किंवा लहान. ती चूक १९३९ साली ध्यानी आली. न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीत २००१ साली 'एस्क्विव्हॅलियन्स', म्हणजे 'अधिकृत कर्तव्य जाणूनबुजून टाळणे', हा बनावट शब्द नक्कल करणारे सापडावेत म्हणून मुद्दाम घातला होता; २००५ साली तेही उघड झाले.

त्या चतुर्थीनंतर पंधरवड्याने एक वृद्ध विधवा बाई आमच्याकडे आल्या. त्यांनी आपले कुळागर पुतण्याला बक्षीसपत्राने दिले होते. पत्र इंग्रजीत होते. त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "वकीलबाब, ह्या उतराचो अर्थ कितें?"

शब्द होता यूझुफ्रक्ट. पुतण्याने त्यांना सांगितले होते, की त्याचा अर्थ 'घरात राहण्यापुरती परवानगी'. वाक्य नेटके होते, आमच्या चिठ्ठीतल्या वाक्यासारखेच. आम्ही सांगितले, "बाई, माड पुतण्याचा खरा, पण तुम्ही आहात तोवर नारळ तुमचे, सुपारीही तुमची. तो हक्क तुम्ही राखून ठेवलेला आहे."

बाई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हळ्यार दोन वर्सां हांवें म्हजेच नाल्ल विकते घेतले!"

आम्हांला हसू आले नाही. ओसरीवरच्या खेळात शेवटी खरा अर्थ वाचावा लागतो, आणि कोशातली लबाडीही कधीतरी उजेडात येते. पुतण्याची चिठ्ठी मात्र कोणी उघडणार नव्हते. आणि बाईंनी तो अर्थ विचारण्याचे धाडस केले नसते, तर ती आजही मिटलेलीच असती. आम्ही त्याच दिवशी पुतण्याला नोटीस धाडली. पुढच्या पाडणीचे नारळ बाईंच्या अंगणात पडले.

पुढल्या चतुर्थीला खेळ झालाच. पण आम्ही एक नियम वाढविला. ज्याचा खोटा अर्थ इतरांना पटेल, त्यानेच उभे राहून खरा अर्थ सर्वांना समजेल असा सांगावा. पहिली पाळी आमची, गतवर्षीच्या शब्दाची. आम्ही उभे राहिलो आणि म्हणालो, "माड ताचो, नाल्ल तिचे." या वेळी कोणी हसले नाही.