खुळखुळा वाजेपर्यंत थांबूया

आज राजकारण नाही, पाण्याचा विषय नाही, रस्त्यातले खड्डेही नाहीत. आज फुलपाखरांबद्दल लिहितोय. हसलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा. मधे माझी एक चूक कबूल करायची आहे आणि शेवटी ग्रामसभेत मांडायची एक साधी मागणी आहे.

परवा सकाळी दीपगृहाच्या बाजूला सड्यावर गेलो होतो. भातं कापून, झोडून झालीत. गवत पिवळं पडलंय, पण अजून उभं आहे. अंगावर शाल लागत नाही आणि घरात पंखाही लागत नाही, असे हे आपल्याकडचे मोजके दिवस. नऊ वाजेपर्यंत कातळावर दव होतं. मग ऊन तापायला लागलं आणि एकेक फुलपाखरू कातळावर पंख पसरून बसलं. त्यांचं रक्त आपल्यासारखं गरम नसतं. उन्हात अंग तापवल्याशिवाय त्यांना उडता येत नाही. म्हणून फुलपाखरं बघायला पहाटे उठायची गरज नाही. सकाळचा चहा, आंबोळी सगळं आटपून निघालात तरी चालतं!

गडग्याच्या कडेला खुळखुळ्याची सात-आठ झाडं होती. पिवळ्या फुलांचं, शेंगा वाळल्या की खुळखुळ वाजणारं झाड. लहानपणी आपण सगळ्यांनीच त्या शेंगा वाजवल्यात. त्यावर निळे-काळे ब्लू टायगर आणि तपकिरी कॉमन क्रो इतके दाटीने बसले होते की वाळकी डहाळी दिसत नव्हती. मोजायला गेलो, पन्नासपर्यंत आलो आणि सोडून दिलं.

गंमत म्हणजे ती फुलांवर नव्हती. वाळक्या काड्यांवर, मोडलेल्या पानांवर, शेंगांवर सोंड टेकून बसली होती. यामागचं कारण शास्त्रज्ञांनी नीट शोधून काढलेलं आहे. खुळखुळ्यात एक कडवट विषारी द्रव्य असतं. टायगर आणि क्रो जातीचे नर ते शोषून घेतात. त्यातून त्यांच्या अंगी मादीला भुलवणारा वास तयार होतो, शिवाय अंग कडू झाल्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. थोडक्यात, लग्नाचं अत्तर आणि जिवाचं कवच दोन्ही एकाच झुडपातून. आपण ज्याला रान म्हणतो, ते त्यांचं दुकान आहे.

आता माझी चूक.

दोन वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर बागेची बेणणी काढली. गवत कापायचं मशीन भाड्याने आणलं होतं. दिवसाचे पैसे द्यायचेच आहेत, तर गडग्याबाहेरची रस्त्याकडेची पट्टीही साफ करून घेऊ, असं म्हटलं. पोरं शाळेला त्या वाटेने जातात, जनावराची भीती असते. दुपारपर्यंत सगळं चकाचक. खुळखुळा, रुई, रानतुळस, काही म्हणजे काही ठेवलं नाही. येणारे-जाणारे म्हणाले, वा, काय स्वच्छ केलंत! मलाही बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बघतो तर कापून टाकलेल्या ढिगावर फुलपाखरंच फुलपाखरं. मी फोटो काढले, इथेच टाकले, तुम्ही भरभरून लाइक केलेत. आमच्या वाडीतले एक काका म्हणाले, ‘‘बघ, उगाच लोक ओरडतात. कापलं तरी येतातच की पाखरं!’’ मलाही ते पटलं.

पण झालं होतं उलटं. तुटलेल्या, सुकत चाललेल्या खुळखुळ्याकडेच हे नर जास्त ओढले जातात. म्हणजे मी ज्याला सुकाळ समजलो, ती शेवटची पंगत होती. शेंगा हिरव्या असताना कापल्या, बी धरलंच नाही. पुढच्या वर्षी त्या पट्टीत टाकळा आणि गवत आलं. खुळखुळ्याची दोन झाडं उगवली. त्या कार्तिकात ढीग नव्हता आणि पाखरंही नव्हती. रुई मुळापासून फुटून आली म्हणून प्लेन टायगर तेवढा टिकला, कारण त्याच्या अळ्या रुईची पानं खातात.

परवा मी जी सात-आठ झाडं पाहिली, ती त्या पट्टीतली नाहीत. ती वरच्या अंगाला, मशीन पोचलं नाही तिथली आहेत. एवढ्यावरून समजा.

तेव्हापासून हंगाम संपतानाची फुलपाखरं मी जरा वेगळ्या नजरेने बघतो. पावसाळ्यात काय उडतं हे पावसावर असतं. आता जे उडतंय, ते पुढच्या वर्षी असेल की नाही, हे मात्र बरंचसं आपल्या कोयत्यावर आहे. आणि ‘आता हंगाम संपला’ म्हणावं तर तोही पूर्वीच्या तारखांना संपत नाही. हवामान खात्याने २०२० साली मान्सूनच्या परतीच्या सरासरी तारखा नव्याने ठरवल्या, त्यात मुंबईची तारीख ८ ऑक्टोबर धरली आहे. आपण मात्र अजून जुन्या हिशेबाने दसरा झाला की मशीन बाहेर काढतो.

या दिवसांत आणखी दोन-तीन जण आवर्जून बघा.

संध्याकाळी दिवे लागताना ओटीवर एक मातकट पाखरू येऊन भिंतीला चिकटतं. इव्हनिंग ब्राऊन त्याचं नाव. पावसाळ्यात त्याच्या पंखांवर स्पष्ट डोळे असतात. पाऊस गेल्यावर जन्मणारी पिढी हुबेहूब वाळक्या पानासारखी दिसते, डोळे जवळजवळ नाहीसे होतात. जात एकच, पण पावसाळी कपडे वेगळे आणि उन्हाळी वेगळे. दिवसभर ते पालापाचोळ्यात दडून असतं. आपण बागेतला पाला गोळा करून काडी लावतो, तेव्हा त्यात काय काय जळतं हे आपल्याला दिसतसुद्धा नाही.

दुसरी जेझबेल. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा आणि लाल रंग, हळदीकुंकू लावल्यासारखी. तिच्या अळ्या बांडगुळावर वाढतात. हो, आपण कलमावरून जे शिव्या देत काढतो तेच. आणि परड्यातल्या लिंबाभोवती नीलवंत दिसला तर त्याला जरा मानाने बघा. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला, म्हणजे ब्लू मॉरमॉनला, राज्य फुलपाखरू केलं. असं करणारं आपलं देशातलं पहिलं राज्य. त्याच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात. पानं थोडी कुरतडलेली दिसली तर लगेच फवारणीचा पंप काढू नका.

आता तुमच्या मनातलं मीच विचारतो. याचा आपल्याला उपयोग काय?

खोटं सांगणार नाही. फुलपाखरं नसली तर हापूस धरणार नाही, असं काही नाही. मोहरावर परागीभवनाचं मुख्य काम माश्या करतात. इव्हनिंग ब्राऊनच्या अळ्या तर भाताचीच पानं खातात, म्हणजे तो शेतकऱ्याचा मित्र वगैरे मुळीच नाही. बांडगूळही कलमावरचं काढायलाच हवं. गडग्यावरच्या रानझाडावरचं राहिलं तर बिघडत नाही, एवढंच. आणि फुरशाची भीती खरी आहे. आपल्या जिल्ह्यात ती कुणी कुणाला शिकवायची गरज नाही. पोरांच्या वाटेवर गवत नकोच.

पण उपयोग नाही म्हणून एखादी गोष्ट संपवायची का, हाही प्रश्न आहेच. आपल्या सड्याचंच बघा. वर्षानुवर्षं सड्याला आपण पडीक म्हणत आलो. मग लोक बारकाईने बघायला लागले आणि उक्षी, कशेळी, बारसू अशा गावांच्या सड्यांवरची कातळशिल्पं जगासमोर आली. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कातळ तोच होता, बघणारे डोळे नवे होते. आणि जे कातळावर कोरलेलं आहे ते निदान हजारो वर्षं थांबलं. काडीवर बसलेलं काही आठवडेच थांबतं.

अंजनवेल म्हटलं की बाहेरच्या माणसाला एन्रॉन आठवतं, फार तर गोपाळगड. मेगावॉट मोजले गेले, जमिनीचे गुंठे मोजले गेले. गावात उडतं काय आणि उगवतं काय, हे आपण आपलं मोजायला कुणाची परवानगी लागत नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने तर प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. ती भरायची ती गावातल्या माणसांच्या माहितीवरूनच. उद्या सड्यावर काहीही यायचं म्हटलं, तर ‘इथे काहीच नाही’ या वाक्याला उत्तर द्यायला आपल्या हातात आपला कागद हवा.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे:

१. रस्त्याकडेचं गवत वाटेला लागून चार फूट जरूर कापावं. पोरांची वाट मोकळी आणि स्वच्छ राहावी.

२. त्याच्या पलीकडची पट्टी शेंगा वाजायला लागेपर्यंत तशीच ठेवावी. तारीख लक्षात ठेवायला नको. खुळखुळा हलवून बघायचा. वाजला, म्हणजे बी तयार झालं. मग कापा.

३. रस्त्याकडेला तणनाशक मारू नये.

४. बागेतला पाला जाळण्याऐवजी कलमांच्या बुंध्याभोवती पसरावा. ओल टिकते आणि वणव्याची भीतीही कमी होते. जाळरेषा काढायचीच असेल तर ती बागेच्या हद्दीपुरती काढावी, अख्खा सडा पेटवू नये.

५. शाळेतल्या पोरांकडून या दिवसांतल्या फुलपाखरांच्या नोंदी करून घ्याव्यात आणि त्या नोंदवहीत चढवाव्यात. तारीख, जागा, कशावर बसलं होतं, एवढं पुरे. नाव येत नसेल तर फोटो काढा, नाव नंतर सापडतं.

यात पंचायतीचा एक रुपया जास्तीचा जात नाही. उलट मशीनचं अर्ध्या दिवसाचं भाडं वाचतं.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. गडग्याबाहेरच्या पट्टीला यंदा हात लावला नाही. ती दोन झाडं होती त्यांची आता पाच झाली आहेत. शेंगा अजून हिरव्या आहेत. काल एक शेंग हलवून बघितली, आवाज आला नाही. जाता-येता दोघा-तिघांनी विचारलं, ‘‘काय हो, यंदा साफसफाई नाही का?’’ मी म्हटलं, आहे की, जरा उशिराने.

वेलदूर, रानवी, धोपावे, खाडीपलीकडे दाभोळ, तुम्ही जिथे असाल तिथे या आठवड्यात सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला एखादा खुळखुळा शोधा आणि त्यावर कोण बसलंय ते खाली लिहा. आणि अंजनवेलकरांनो, ग्रामसभेला या. नुसता लाइक नको, हात वर करायला माणसं हवीत.