डिस्प्ले 'गेला' म्हणणारे कोण?

आमच्या सेकंड हँड गाडीत कंपनीनेच बसवलेला जुना रेडिओ आहे. आवाज खणखणीत, पण रात्री डिस्प्लेवर नुसता काळोख. दुकानदाराने रेडिओ न उघडताच निकाल दिला, "डिस्प्ले गेला, नवीन सेट घ्या." किंमत आमच्या अर्ध्या पगाराएवढी!

आम्ही आधी पुरावा तपासला. टॉर्च तिरका धरला तर काचेवर आकडे स्पष्ट दिसले. एलसीडी स्वतः उजेड देत नाही; तो तिच्यामागचा इवलासा बल्ब देतो. जळाला होता तो बल्ब, डिस्प्ले नव्हे.

रेडिओचा सुरक्षा कोड हाताशी ठेवला, कारण बॅटरी काढली की असे काही रेडिओ लॉक होतात. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, रेडिओ बाहेर काढून उघडला. जुना बल्ब डिसोल्डर केला. त्यावरची हिरवी रबरी टोपी जपली. डिस्प्लेचा रंग तिच्यामुळेच होता. तीच टोपी चढवून 12 व्होल्टचा नवा बल्ब जोडला. एलईडी लावला असता तर रेझिस्टर लागला असता, प्लस-मायनसही पाहावे लागले असते.

खर्च फक्त बल्बचा. दुकानदार वाईट माणूस आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्याचा फायदा विकण्यात, आपला उघडून पाहण्यात. तेव्हा मित्रांनो, कोणी "गेलं, फेकून द्या" म्हणाले की पहिला प्रश्न विचारा : उघडून पाहिले का? आणि सोल्डरिंग स्वतः शिका. नाहीतर आपल्या वस्तूचा निकाल कायम दुसराच देणार.