परसातली खोप

मृगाआधी लाकडं, शेणी, कुदळी-फावडी कोरड्यात गेली पाहिजेत, म्हणून परसात मीच खोप उभारतो आहे. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच्यापुढे कच्चं काम टिकत नाही. जांभ्या चिऱ्यांचं जोतं वीतभर उंच घेतलं, म्हणजे ओल चढत नाही आणि वाळवीची वाट चटकन दिसते. नैऋत्येच्या झोडपणाऱ्या सरींसाठी त्या बाजूची वळचण पुढे काढली. पन्हळी पत्र्याला भोक पाडायचं ते उंचवट्यावर. पाणी खोलगटातून वाहतं. आज एकेका स्क्रूखाली रबरी वायसर बसवताना जाणवलं, घर वारशानं मिळतं, विकतही मिळतं; पण आपल्या जागेच्या वाऱ्यापाण्याची ओळख हातात ओळंबा धरल्याशिवाय होत नाही. ती प्रत्येकानं एकदा तरी करून घ्यावी.