एहराम बांधायच्या आदल्या रात्री

अम्मीला उमऱ्याला पाठवायचे, हे आम्हा भावंडांचे अब्बांच्या इंतकालानंतरचे पहिले मोठे स्वप्न होते. पैसे जमायला सहा वर्षे लागली. शेवटी गेल्या रजब महिन्यात अम्मी आणि मामू यांची तिकिटे निघाली. विमान मुंबईहून, पहाटेचे. पोहोचवायला मी आणि हे, असे आम्ही चौघे निघालो.

गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेस दुपारी सुटते आणि साडेनऊशेहून अधिक किलोमीटर तोडून सकाळी मुंबईत आणून सोडते. म्हणजे दिवसभर आणि अर्धी रात्र कुठेतरी टेकायला हवे. मामू म्हणाले, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात चौकशी करू. आमचे नाना बोटीने हजला गेले, तेव्हा तिथेच उतरले होते. बोटी 1995 नंतर बंद झाल्या, पण घरात त्या मुसाफिरखान्याच्या गोष्टी अजून चालतात. एकाच दालनात दहा गावचे लोक, कुणाचे लोणचे कुणाच्या ताटात. मी मात्र ऐकले नाही. अम्मीने आयुष्यभर धर्मशाळेसारखेच घर चालवले, आता एक दिवस तरी तिला चांगल्या हॉटेलात ठेवायचे, असे माझ्या मनाने घेतले होते. विमानतळाजवळचे, देशभर शाखा असलेल्या एका कंपनीचे हॉटेल मी मोबाईलवर बुक केले. फोटोत पांढऱ्याशुभ्र चादरी, चकचकीत न्हाणीघर. दोन खोल्यांचे पैसे आगाऊ भरले.

रिक्षा गल्लीत शिरली तेव्हाच ह्यांनी माझ्याकडे पाहिले. इमारत जुनी, वर कंपनीचा नवा कोरा फलक. बारा वाजेपर्यंत खोली मिळणार नाही म्हणून अम्मी रात्रभराच्या प्रवासानंतर तीन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिली. लिफ्ट बंद. तिच्या गुडघ्यांना आमच्या घराची ओसरी चढवत नाही, तिथे तीन मजले. प्रत्येक वळणावर थांबून ती तस्बीह फिरवायची. थकली हे आम्हाला कळू नये म्हणून, हे मला माहीत आहे.

खोलीचे वर्णन थोडक्यात करते. चादरीवर डाग, भिंतीला ओल, खिडकी उघडली तर समोर दुसऱ्या इमारतीची मोरी. एसीतून पाणी गळत होते. हे सगळे चालले असते. खरा प्रश्न न्हाणीघराचा होता. मोरी तुंबलेली, घोट्यापर्यंत काळे पाणी, गिझर बंद. उमऱ्याला निघणारा माणूस एहरामची नियत करण्याआधी गुसल करतो. मामूंना तर न शिवलेल्या दोन पांढऱ्या चादरी नेसून निघायचे होते. ज्या जागेत पाय ठेवायला किळस वाटते तिथे ही तयारी करायची कशी? जोहरचा वुजू अम्मीने खिडकीशी बाटलीच्या पाण्याने केला. मुसाफिर म्हणून चारच्या जागी दोन रकात फर्ज. त्याही तिने खुर्चीवर बसून, ओढणी अंथरून पढल्या.

मी खाली जाऊन भांडले. काउंटरवर विशीतला एक मुलगा एकटाच. दुसरी खोली नाही, प्लंबर उद्या. कंपनीला फोन लावला, तर अर्धा तास गाणे ऐकवून त्यांनी पुढच्या मुक्कामासाठी सवलतीचे कूपन देऊ केले. पुढचा मुक्काम! हळूहळू मला या धंद्याची गोम कळली. अशा पुष्कळ ठिकाणी इमारत कंपनीची नसतेच. मालक जुना लॉजवाला, कंपनी फक्त नाव, फलक आणि गिऱ्हाईक पुरवते आणि आपला हिस्सा घेते. मोरी तुंबली की मालक कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी मालकाकडे. मध्ये उभा असतो तो मुलगा.

बोलता बोलता त्याने विचारले, "मॅडम, तुम्ही कुठल्या?" गोंदियाकडची म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. तो बालाघाटचा, म्हणजे आमच्या शेजारचाच. धानाची दोन एकर शेती, घरी आई. मालक महिन्यापासून दुरुस्तीला पैसे देत नाही, हे त्याने दबक्या आवाजात सांगितले.

रात्री दहाला तो वर आला. हातात झाडू, लांब तार आणि फिनाईल. एक तास खपून त्याने मोरी मोकळी केली. मग समोरच्या चहावाल्याकडून तापवलेल्या पाण्याच्या दोन बादल्या तीन मजले चढवून आणल्या. मी पैसे देऊ लागले तर घेईना. अम्मी म्हणाली, "रहने दे बेटी, इसका हिसाब मैं वहाँ जाकर करूँगी."

दोघे पहाटे सुखरूप निघाले. मामूंच्या चादरी स्वच्छच राहिल्या, अलहमदुलिल्लाह. पण परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. राग कंपनीवर होता, तेवढाच स्वतःवर. फोटोला भुलून मी मामूंचा शब्द मोडला होता. शाळेत मुलांना जाहिरात हा पाठ शिकवणारी मी!

घरी आल्यावर एक गोष्ट केली, ती वाचक भगिनींना सांगते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार करायला मुंबईला जावे लागत नाही. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ती दाखल करता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. आधी 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद केली. पावती, फोटो, कूपनचा तो संदेश, सगळे जपून ठेवले होतेच. ते जोडून गोंदियात अर्ज दिला.

अम्मी परतली आणि हे ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "उस बच्चे की नौकरी तो नहीं जाएगी ना?" मी तिला अर्ज वाचून दाखवला. त्यात कंपनी आणि मालक, दोघेच आहेत. मुलाचा उल्लेख आहे तो एवढाच, की आम्हाला जी काही सेवा मिळाली ती त्याने मिळवून दिली. तिने तो भाग दोनदा वाचायला लावला.

सुनावणीची तारीख अजून लागलेली नाही. मदिन्याच्या खजुरांची एक पुडी अम्मीने त्या मुलासाठी वेगळी बांधून कपाटात ठेवली आहे. दिवाळीत तो बालाघाटला येईल तेव्हा गोंदिया स्टेशनवर नेऊन द्यायची, असे तिने मला बजावले आहे.