हिवरे बाजारची भाची अंदमानात

भाचरांनी सुट्टीत मामाकडे जावे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. पण तो रिवाज ज्यांनी पाडला त्यांच्या डोळ्यांपुढचा मामा वाडेवाला होता. त्याच्याकडे आंब्याची आढी होती, गोठ्यात दुभते होते, विहिरीला पाणी होते. पुण्यात तीन खोल्यांत राहणाऱ्या, मराठीचे तास घेणाऱ्या आणि उरलेल्या वेळात उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मामाकडे मुलांनी काय म्हणून यावे? उलट आमच्या ताईचे सासर हिवरे बाजार. गोठा तिच्याकडे, विहीर तिच्याकडे. म्हणजे सुट्टीत जायचे ते मामानेच. म्हणून भाचीला मी निराळेच आमिष दाखवले होते. दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर गेलीस तर विमानात बसवीन, समुद्रापलीकडे नेईन. भाचीबाईंनी एक्क्याण्णव टक्के मिळवले आणि निकालाच्या संध्याकाळी फोनवर एवढेच विचारले, "मामा, कुठला समुद्र?"

हिवरे बाजार हे नाव वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. अहिल्यानगर शहरापासून जेमतेम सोळा-सतरा किलोमीटरवरचे हे गाव. पाऊस वर्षाला सरासरी 400 मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. 1972 च्या दुष्काळानंतर गाव पार खचले होते. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, दारू मुबलक आणि माणसे कामाच्या शोधात बाहेर. 1989 साली पोपटराव पवार हे गावचेच एम.कॉम. झालेले तरुण सरपंच झाले आणि तिथून चक्र उलटे फिरले. लोकांनी श्रमदान केले, डोंगरावर समपातळी चर खणले, बंधारे घातले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आली. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस लावायचा नाही, हेही ठरले. पावसाळा संपला की पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, हे मोजून ग्रामसभेपुढे हिशेब मांडायचा. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे, मग शेतीचे. पाऊस कमी झाला तर पिके बदलायची. शाळेतल्या पोरांनाही हा हिशेब येतो. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. पोपटरावांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या दाजींनी सबंध आळीला पेढे वाटले होते.

ताई आणि दाजी यांच्यातला तंटा नेमका इथेच आहे. दाजी म्हणतात, जिथे गेलेली माणसे परत आली त्या गावातून आपली पोर बाहेर कशाला पाठवायची? नगरला कॉलेज आहे, एस.टी. आहे, शिकावे आणि संध्याकाळी घरी यावे. ताईचे म्हणणे, बारावीनंतर पुणे. पोरगी एकदा जग बघू दे, मग तिला पाहिजे तर येईल परत. दोघेही हे माझ्यादेखत एकमेकांना सांगत नाहीत. दोघेही मला वेगवेगळे सांगतात. अंदमानचा बेत ठरला तेव्हा ताईने हळूच म्हटले, "बघ, तिकडं गेल्यावर तिचं मन उघडेल." दाजी म्हणाले, "न्या, खुशाल न्या. पण पोरीच्या डोक्यात काही भरवू नका." अशी ही दोन टोकांची जोखीम घेऊन मी, माझी पत्नी आणि भाची गेल्या दिवाळीच्या सुट्टीत निघालो. सामानात सर्वांत जड नग होता तो फराळाचा. आमच्या सौभाग्यवतींचा ठाम समज असा की, समुद्र ओलांडल्यावर माणसाला खायला मिळत नाही.

चेन्नईहून विमान सुटले की खाली दोन तास नुसते पाणी. मग एकदम हिरव्या मखमलीचे तुकडे दिसू लागतात. लहानमोठी बेटे आणि खडक मिळून संख्या आठशेच्या वर जाते, वस्ती मात्र त्यांतल्या थोड्यांवरच. ज्याला आपण पोर्ट ब्लेअर म्हणत आलो त्या शहराचे नाव 2024 च्या सप्टेंबरात श्री विजयपुरम झाले. रिक्षावाले अजून जुनेच नाव घेतात. उतरलो त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य बुडाला. पत्नी घड्याळ हलवून पाहू लागली. भाचीने वहीच्या मागे आकडे मांडले. नगर पंचाहत्तर रेखांशाच्या अलीकडे, हे गाव त्र्याण्णवच्या अलीकडे. अंतर अठरा अंश, दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे एक तास बारा मिनिटे. "घड्याळ आपलंच आहे मामी, सूर्य इथला आहे," ती म्हणाली. पहिल्या दिवसात तिने उच्चारलेले हे एकमेव पूर्ण वाक्य. सोळा वर्षांच्या मुलीला सहलीला नेलेल्या पालकांना हे नवे वाटणार नाही. फोनला धड रेंज नव्हती आणि तो जणू मामानेच केलेला अपराध होता.

दुसऱ्या दिवशी सेल्युलर जेल पाहिले. मराठी माणूस इथे सहल म्हणून जाऊच शकत नाही, तो यात्रा म्हणूनच जातो. 1896 ते 1906 या दहा वर्षांत बांधलेली ही इमारत. मधोमध मनोरा आणि भोवती सात लांब इमारती, चाकाच्या आऱ्यांसारख्या. त्यांतल्या तीन आज उभ्या आहेत. एकूण कोठड्या 698. एका इमारतीचे तोंड दुसऱ्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला समोर भिंतीखेरीज काही दिसू नये. 1911 साली सावरकरांना इथे आणले, 1921 साली हलवले. थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात होते आणि तरी दोघांची भेट होणे दुरापास्त होते. कोलू पाहिला. त्याला माणूस जुंपून रोज तीस पौंड खोबरेल काढून घेत. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कोपऱ्यातल्या कोठडीत मी काही सांगणार होतो. वर्गात हा विषय मी वीस वर्षे शिकवीत आलो आहे. पण भाची भिंतीला हात लावून उभी होती, तेव्हा गप्प राहिलो. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मामा, माणसं एकमेकांशी बोलू नयेत म्हणून एवढ्या विटा?" या विटा ब्रह्मदेशातून आणल्या होत्या, हे मी तिला सांगितले. ती मनोऱ्याकडे बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी बोटीने स्वराज द्वीपला गेलो. हॅवलॉक हे त्याचे नाव 2018 सालापर्यंत होते. इथल्या गावांची नावे गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर. आपण वृंदावनात आलो की काय असे वाटावे! पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांना सरकारने इथे जमिनी दिल्या, त्यांनी सुपारी-नारळ लावले आणि गावांना देवाची नावे दिली. राधानगरच्या किनाऱ्याचे वर्णन मी करणार नाही. पांढरी वाळू, निळे पाणी हे शब्द आपल्या प्रवासवर्णनांनी झिजवून गुळगुळीत केले आहेत. एवढे सांगतो की भाचीची कळी तिथे खुलली. ती पोहायला शिकली ती पाठीला डबा बांधून, गावच्या विहिरीत. समुद्रात दोन हात मारून ती एकदम ओरडली, "मामा, हा वर ढकलतोय! विहीर खाली ओढते, हा वर ढकलतोय!" खाऱ्या पाण्याचा हा गुण पुस्तकात तिने वाचला असणारच. पण पुस्तकातले पाणी नाकातोंडात जात नाही.

त्या रात्री पाऊस आला. परतीचा पाऊस इथे कार्तिकातही मनसोक्त पडतो. आमच्या मुक्कामी मुंबईचे एक कुटुंब होते. त्यांनी व्यवस्थापकाला धारेवर धरले, जणू पाऊस त्याने मागवला होता. आमच्या खोलीत मात्र निराळाच प्रकार. दिवे गेले होते. मेणबत्तीच्या उजेडात भाचीने चिवड्याचा स्टीलचा डबा घेतला, चिवडा वर्तमानपत्रावर ओतला आणि डबा नेऊन अंगणात उघड्यावर ठेवला.

"अगं, माझा चिवडा!" मामी ओरडली.

"मामी, तोंड आणि बूड सारखं असलेला हाच एक डबा आहे. तुमचा लाडवाचा खाली निमुळता आहे."

सकाळी पट्टी लावून तिने पाणी मोजले. चार सेंटिमीटर आणि वर दोन मिलिमीटर. बेचाळीस. ती डब्यापाशी उकिडवी बसून राहिली. "आमच्या सगळ्या वर्षाचा दहावा हिस्सा," ती म्हणाली, "एका रात्रीत. आणि कुणी साधं बघायलासुद्धा उठलं नाही."

अंदमानात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. मग आमच्या न्हाणीघरात 'गोडे पाणी जपून वापरा' अशी पाटी कशासाठी? भाचीने तिथल्या काळजीवाहू माणसाला गाठले. त्याचे आजोबा निर्वासितांच्या एका बोटीतून आलेले. दोघांचे हिंदी सारखेच मोडके, त्यामुळे छान जमले. त्याने सांगितले, मार्च-एप्रिलात विहिरी खाली जातात, किनाऱ्याजवळच्यांना तर खारट चव येते, मग टँकर. राजधानीला धनीखारीच्या धरणाचे पाणी, पण कडक उन्हाळ्यात तिथेही नळ रोज येत नाही. डोंगर उभे, मातीचा थर पातळ. पाऊस पडतो आणि काही तासांत समुद्राला मिळतो.

बेटाच्या पाण्याची गोष्ट मोठी नाजूक असते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके. लक्षद्वीपसारख्या वाळूच्या आणि प्रवाळाच्या बेटांत ते खाऱ्या पाण्यावर अक्षरशः तरंगत असते. समुद्राच्या पातळीच्या वर ते हातभर असेल तर खाली सुमारे चाळीस हात असते. वरचे हातभर उपसून टाका, खालून खारे पाणी चाळीस हात वर सरकू लागेल. म्हणूनच कवरत्ती बेटावर 2005 साली समुद्राच्याच पाण्यापासून रोज एक लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प उभारावा लागला. मी हे भाचीला जेवताना समजावले. तिने लगेच ताटात भाताचा ढीग करून भोवती आमटी ओतली आणि बोटाने भात मधोमध दाबला.

"म्हणजे एकानं जास्त ओढलं की सगळ्यांची विहीर खारट?"

"सगळ्यांची."

"आमच्याकडं खारट नाही होत, कोरडी होते. बाकी तेच." आणि थोड्या वेळाने, "मामा, आमचं गाव म्हणजे बेटच की. फक्त समुद्र नाही."

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघे वाळूत बसलो होतो. पत्नी शंख-शिंपल्यांकडे नुसते बघत होती, कारण ते उचलून नेण्याला बंदी आहे आणि विमानतळावर पिशव्या तपासतात. भाची म्हणाली, "आईला वाटतं मला इथं येऊन बाहेर राहावंसं वाटेल. बाबांना वाटतं मी घरची आठवण काढून रडेन. मला दोन्ही नाही झालं." मी विचारले, मग काय झालं? ती वाळूत रेघा मारीत राहिली. "पुण्यात भूगर्भशास्त्र शिकवतात ना?" मी 'हो' म्हटले आणि पुढे एक अक्षर बोललो नाही. दाजींना शब्द दिला होता.

परतल्यावर तिला पोचवायला हिवऱ्याला गेलो. अंगणात दाजी दुधाच्या किटल्या धुवीत होते. भाचीने विमान, बोट, कोलू, समुद्र सगळे एका दमात सांगितले. पण दाजींचे हात थांबले ते बेचाळीस मिलिमीटरच्या आकड्यावर. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग भूगर्भशास्त्राचा विषय निघाला. ताई दारात येऊन उभी राहिली.

"म्हंजे ते बोअर कुठं घ्यायची ते सांगतात तेच ना?" दाजी म्हणाले. "आपल्या गावात बोअर बंद हाये. त्या शिक्षणाचा इथं उपेग काय?"

"कुठं घ्यायची नाही, तेही तेच सांगतात, बाबा."

दाजींनी किटली उपडी घातली. ताईने आत जाऊन चहा टाकला. मला परतीची गाडी गाठायची होती, म्हणून मी उठलो. पुढच्या आठवड्यात एका रात्री दाजींचा फोन आला. पावसाचे, दुधाच्या भावाचे बोलून झाले. मग घसा खाकरून त्यांनी विचारले, "पाव्हणं, तिकडं मुलींच्या वसतिगृहाला पाणी कसं असतं हो? रोज येतं का?"